डाव्या बरगडीवरचा हात

माझ्या डिस्चार्ज कार्डावर सर्जनचं नाव आहे, भूलतज्ज्ञांचं आहे, हृदयरोगतज्ज्ञांचं आहे. कोणती रक्तवाहिनी कुठे जोडली, हृदय किती वेळ थांबवून ठेवलं, रक्त किती चढवलं, सगळं नोंदलेलं आहे. शेवटच्या पानावर एक ओळ येते: ‘चेस्ट फिजिओथेरपी दिली.’ कोणी दिली, ते लिहिलेलं नाही. त्या ओळीमागे जी बाई आहे तिच्याविषयी लिहायचं गेली दोन वर्षं मनात घोळतंय. नाव छापू नका, असं तिने बजावलं आहे. म्हणून प्रत्यक्षात जी हाक मारतो तीच इथे वापरतो. ताई. वयाने माझ्या मुलीहून लहान, पण पहिल्या दिवसापासून तोंडात ‘अहो ताई’च आलं आणि ते तसंच राहिलं.

सर्जनचं ऋण मोठं आहेच. त्यांनी हृदय दुरुस्त केलं. पण ते झालं तेव्हा मी भुलीखाली होतो. श्वास मात्र मला जागेपणी, दुखत असताना, इंचाइंचाने परत मिळवावा लागला, आणि त्या सगळ्या काळात ताईंचा हात माझ्या बरगड्यांवर होता.

मी सांगलीचा. कृष्णेच्या काठावर वाढलो. आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याच्यावरून पुराच्या पाण्यात उड्या मारायची हौस आमच्या पिढीपर्यंत पोरांमध्ये टिकून होती, आणि त्या पोरांत मी होतो. पुढे शाळेत भूगोल शिकवला, साठ-साठ मुलांच्या वर्गात माईकशिवाय. छाती भरून श्वास घेणं ही मला कधी करावी लागलेली गोष्ट नव्हती, ती आपोआप होत होती. निवृत्तीनंतर जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं. अँजिओग्राफी झाली, तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या आणि मिरजेला बायपास ठरली.

बायपास म्हणजे काय, हे आता घरोघर माहीत आहे. तिच्यात फुफ्फुसांचं काय होतं, ते मात्र कोणी फारसं सांगत नाही. छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी परत बांधतात. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या वेळात हृदय थांबवलेलं असतं आणि रक्त फिरवण्याचं, त्यात प्राणवायू मिसळण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात ते यंत्र पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलं, तेव्हापासून जगभर असंख्य लोक त्याच्या जोरावर वाचले. पण यंत्र चालू असतं तोवर फुफ्फुसांना काम नसतं. त्यांचे खालचे भाग मिटून जातात. माझ्यासारख्याची छातीच्या आतली डावी धमनी सोडवून हृदयाला जोडतात, तेव्हा बहुतेक वेळा डाव्या फुफ्फुसाचं आवरणही उघडावं लागतं. मग पेशंट जागा होतो. हाड कापलेलं, बाजूने ड्रेनच्या नळ्या आलेल्या. खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणून तो वरच्या वर श्वास घेतो. पहिल्या काही दिवसांत छातीची हवा घ्यायची ताकद निम्म्यावर येते. मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, तिथे कफ साठतो, आणि चांगल्या झालेल्या ऑपरेशनचा पेशंट न्यूमोनियाने आडवा होतो.

हे सगळं मला नंतर कळलं. आयसीयूत तोंडातली नळी काढल्यावर इतकंच कळत होतं, की खोकला येतोय आणि तो येऊ द्यायचा नाही.

ताई कॉटशी आल्या आणि म्हणाल्या, “काका, खोकायचंय.”

“नाही जमायचं हो. फाटेल सगळं.”

“फाटत नाही. तारा भक्कम आहेत. ही उशी घ्या, दोन्ही हातांनी कवळून छातीला लावा. बाजूने मी धरते.”

त्यांनी दोन्ही तळवे माझ्या बरगड्यांच्या बाजूंना लावले. आधी हात एकमेकांवर चोळून ऊन करून घेतले होते, हे मला त्या अवस्थेतही जाणवलं. एकदम जोरात खोकू नका, म्हणाल्या. चष्म्याची काच पुसायला तोंडाने हाऽ करता ना, तसा हाऽ करा. दोन-तीन वेळा हाऽ करवून घेतलं, मग एक लहानसा खोकला. हाडातून कळ गेली, पण बाहेरून दोन हातांनी छाती एकत्र धरलेली होती. कफ सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, त्याच्याविषयी बोलल्याही नाहीत. “छान. पाच मिनिटांनी परत,” एवढंच.

वॉर्डात आल्यावर तीन बॉलचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात मिळालं. बायपासच्या वॉर्डात प्रत्येक कॉटवर ते असतं. नळीतून श्वास आत ओढायचा, की बॉल वर जातात. बाजूला ६००, ९००, १२०० असे आकडे छापलेले. भेटायला आलेली मंडळी ‘दुसरा गेला, तिसरा गेला’ करत टाळ्या वाजवत. माझाही दुसरा बॉल जाऊ लागला होता. ताईंनी ते पाहिलं, यंत्र हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, “बॉल वर गेला म्हणजे श्वास खाली गेला असं नाही, काका. तुम्ही मानेने ओढताय.”

आरसा आणवला आणि दाखवलं. श्वास घेताना माझे खांदे कानांकडे जात होते, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या, पोट जागचं हलत नव्हतं. त्यांनी एक हात बेंबीच्या वर ठेवला, दुसरा खालच्या बरगड्यांवर. “मशीन विसरा. माझा हात ढकला.” किती श्वास घ्या, कसा घ्या, काही नाही. हात ढकला. जिथे श्वास जायला हवा, तिथे त्यांचा तळवा होता. श्वास सोडला की तळव्याने बरगड्या हलकेच आत-खाली दाबायच्या, आणि सोडणं संपता संपता बोटांनी एक झटकन ताण द्यायचा; त्या ताणासरशी बरगड्यांमधले स्नायू स्वतःहून उचल खात. मी काही करायच्या आधीच छाती फुलायला लागलेली असे. माझं शरीर माझ्या आधी त्यांचं ऐकत होतं.

त्यातच त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही हात दोन्ही बाजूंना ठेवून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “उजवा हात हलतोय. डावा नाही.” राऊंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं. पुन्हा एक्स-रे निघाला. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूचा, घुमट एरवी उजवीकडे किंचित उंच असतो, यकृत खाली असल्यामुळे. माझा डावा वर चढला होता. मग पडद्यावर हालचाल पाहायची तपासणी झाली. नाकाने झटकन हुंगायला सांगतात. मी हुंगलं, की उजवा भाग झपकन खाली येई, डावा जवळजवळ जागच्या जागी राही.

श्वासपटलाला हलवणारी नस मानेतून निघते आणि हृदयाच्या आवरणाला लगटून खाली येते. शस्त्रक्रियेत ती कापली जात नाही. पण हृदय गार ठेवण्यासाठी वापरलेल्या थंडाव्याने, किंवा शेजारची धमनी सोडवताना, ती दुखावते. हे घडतं, बऱ्याच ठिकाणी घडतं, त्यात कुणाची हयगय नसते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: थांबावं लागेल, बहुतेकांची नस काही महिन्यांत, वर्षभरात सुधारते. औषध नाही.

थांबा, हा सल्ला बरोबरच होता. पण थांबायचं म्हणजे काय करायचं, हे मला ताईंनी दाखवलं.

घरी आल्यावर अंगाचं दुखणं कमी होत गेलं आणि श्वासाचं दुखणं उघडं पडलं. उताणं झोपलं की धाप. चपला घालायला वाकलं की धाप. आठवड्यातून काही वेळा मिरजेला त्यांच्या विभागात जायला लागलो. टेबलावर उजव्या कुशीवर झोपवत, म्हणजे डावी बाजू वर येई आणि मोकळी राही. मग बोटांच्या टोकांनी एकेका बरगडीमधली फट चाचपत. शस्त्रक्रियेत बरगड्या दोन्हीकडे ओढून ताणून धरलेल्या असतात, नंतर आपण दुखतंय म्हणून त्या हलवत नाही, आणि मधले स्नायू आखडून जातात. ते त्या एकेक करून मोकळे करत. मग मानेच्या बाजूचे दोन्ही स्नायू, जे आता दिवसभर माझा श्वास ओढत होते आणि संध्याकाळी दगडासारखे होत. “ह्यांना सुट्टी द्यायचीय,” म्हणत. मग बरगड्यांच्या खालच्या कडेला अंगठे लावून, श्वास सोडताना आत, घेताना बाहेर. शेवटी पोटावर वाळूची लहान पिशवी ठेवून ती श्वासाने उचलायची.

एकदा मी विचारलं, “ताई, ह्याने नस बरी होईल ना?”

दुसऱ्या कुणी ‘होईल हो काका’ म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, “नाही. नस स्वतःच वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी तिला हात लावू शकत नाही. पण ती येऊन पोचेल तेव्हा बरगड्या हलत्या असायला पाहिजेत, स्नायू जागे असायला पाहिजेत. नाही तर ती येईल आणि घर बंद असेल.”

मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी विसरणार नाही. पाठीवर थापट्या मारून कफ काढायची जुनी पद्धत बायपासनंतर सगळ्यांना सरसकट दिली तर फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नुसत्या बॉलच्या यंत्रानेही फार फरक पडतो असं दिसत नाही. लवकर उठवणं, चालवणं, खोल श्वास, नीट खोकणं आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम ह्यांना अर्थ आहे. “माझ्या हाताने तुम्हाला श्वास मिळत नाही, काका. कुठे घ्यायचा ते कळतं.” स्वतःच्या कामाची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारी माणसं मी थोडी पाहिली आहेत. माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

छातीचं हाड सांधलं, डॉक्टरांनी पाण्यात उभं राहायला हरकत नाही म्हटलं, आणि उन्हाळ्यात मी कृष्णेवर गेलो. पायऱ्या उतरलो. पाणी गुडघ्याला, कमरेला, आणि बेंबीच्या वर आलं तसा श्वास अडकला. पोहण्याचा प्रश्नच नव्हता, मी नुसता उभा होतो. जन्मभर ज्या पाण्यात तरंगलो त्याने पोटावर हात ठेवून मला वर ढकलावं, अशी ती भावना होती. पत्नीने काठावरून हाक मारली. वर आल्यावर बराच वेळ मी बोललो नाही.

ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच समजावून दिलं. पाणी पोटावर दाब देतं, आतले अवयव वर सरकतात. चांगलं श्वासपटल तो दाब झेलून खाली येतं, दुबळं येऊ शकत नाही. अशा पेशंटना पाण्यात धाप जाणवते, कधी कधी तर आजार कळतोच त्याने. मग कागदावर त्यांनी माणसाची आकृती काढली, बेंबीवर एक आडवी रेघ मारली. “ही आपली पट्टी. दर महिन्याला कुणाला तरी बरोबर घेऊन घाटावर जायचं आणि पाणी कुठवर चालतं ते बघायचं. एकटं जायचं नाही.” ज्या पाण्याने मला घाबरवलं, त्याचीच त्यांनी मोजपट्टी केली. त्या रेघा मी ठेवल्या आहेत. दोन महिने एकाच जागी. मग बेंबीच्या दोन बोटं वर. मग शेवटच्या बरगडीला. भूगोलाच्या वर्गात नदीच्या पुराच्या खुणा शिकवल्या होत्या. ह्या माझ्या अंगावरच्या.

हे ज्ञान त्यांच्या हातात आलं कुठून, ह्याचं मला कुतूहल होतं. मास्तरकीची सवय. विचारत गेलो, त्या सांगत गेल्या, काही मी वाचलं. १९३४ साली लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन नावाच्या बाईंनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या पेशंटना फुफ्फुसाच्या ठरावीक भागात श्वास न्यायला शिकवलं, हात ठेवून. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं, बहुतेक मुलं, ब्लेगडॅम रुग्णालयात येत होती आणि त्यांतली बहुतेक दगावत होती. यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाने घशात छेद देऊन नळी घालायला आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सांगितलं. ती पिशवी दाबायला वैद्यकीचे विद्यार्थी आले, सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास. पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. एका मुलाचा श्वास म्हणजे एका विद्यार्थ्याची मूठ. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं, आणि आजचे अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले.

त्याच सुमारास पोलिओची साथ मुंबईतही होती. तिच्या मागोमाग, १९५३ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. ताईंच्या गुरू तिथे शिकलेल्या. त्या बाई विद्यार्थिनींना डोळे मिटून एकमेकींच्या बरगड्यांवर हात ठेवायला लावत आणि कुठली बाजू कमी हलते ते ओळखायला सांगत. “चुकलं की परत. तासन् तास,” ताई म्हणाल्या. माझी न हलणारी डावी बाजू एक्स-रेच्या आधी ओळखली गेली ती त्या परळच्या वर्गामुळे. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, बहुधा ज्या आता हयात नाहीत, त्या बाईंचाही मी देणेकरी आहे. आणि कोपनहेगनमधल्या, पिशवी दाबून दाबून मुठी आखडलेल्या त्या पोरांचाही.

एका सकाळी ताईंच्या उजव्या अंगठ्याला पट्टा दिसला, मनगटापर्यंतचा. त्या तो काढून कामाला लागल्या. मी विचारलं तेव्हा टाळलं. त्यांच्या सहकारी मुलीने नंतर सांगितलं, की अंगठ्याचं हे दुखणं ह्या व्यवसायात नेहमीचं. दिवसभर स्नायू दाबून सांधा झिजतो. दिवसाला किती पेशंट, प्रत्येकाला किती वेळ, मी मनात हिशोब केला आणि तो करवेना. माझ्या बरगड्या मोकळ्या होत होत्या तेव्हा तो अंगठा दुखत होता. पुढच्या वेळी म्हणालो, “ताई, आज बरगड्यांचं मी घरी करतो, हिला शिकवा.” त्यांनी पत्नीला खरंच शिकवलं, तिचा हात धरून, कुठे दाबायचं आणि कुठे मुळीच नाही ते. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या बरगड्या अशा कधी मोजल्या नव्हत्या. आता ती माझ्या आधी सांगते, आज डावीकडे कमी आहे.

विम्याचं इथे लिहायलाच हवं. शस्त्रक्रियेचे लाखांतले पैसे मिळाले. नंतरच्या फिजिओथेरपीचे कागद परत आले. बाह्यरुग्ण उपचार योजनेत बसत नाहीत, असं त्यात होतं. मला पेन्शन आहे, मी फी भरली. माझ्या बाजूच्या टेबलावर येणारा जयसिंगपूरचा एक हमाल दोन वेळा येऊन थांबला. हृदय जोडायला पैसे आहेत आणि छाती हलती करायला नाहीत, हे मला पटलेलं नाही, कधी पटणार नाही. त्या हमालाच्या घरी ताई रविवारी जाऊन आल्या. हे त्यांनी नाही, त्यानेच बाजारात भेटल्यावर सांगितलं.

वर्ष होत आलं तेव्हा परत ती हुंगायची तपासणी झाली. डावा घुमट खाली आला. उजव्याइतका नाही, पण आला. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी ताईंना बोलवा म्हणालो. त्या आल्या, परत हुंगायला लावलं, आणि पडद्याकडे बघायच्या आधी त्यांनी माझ्या डाव्या बरगडीवर हात ठेवला. “हं,” म्हणाल्या. मग पडदा पाहिला.

आता पाणी खांद्यापर्यंत चालतं. पोहतो, घाट सोडून फार लांब जात नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या मित्राची बायपास पुढच्या महिन्यात ठरली आहे. जुना विडी ओढणारा, पोट सुटलेलं. त्याला मी आत्ताच ताईंकडे नेलं, कारण ही वाट शस्त्रक्रियेनंतर धरण्यापेक्षा आधी धरलेली बरी, हे त्यांच्याकडूनच कळलं होतं. २००६ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायपाससाठी थांबलेले, फुफ्फुसांना धोका जास्त असलेले २७९ पेशंट. निम्म्यांनी शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे रोज वीस मिनिटं श्वास आत घेणाऱ्या स्नायूंचा व्यायाम केला. नंतर फुफ्फुसाचे त्रास झाले ते त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना. व्यायाम न केलेल्यांत ३५ टक्क्यांना.

मित्र टेबलावर झोपला आणि कुरकुरायला लागला. ऑपरेशन हृदयाचं, आणि ह्या मला श्वास घ्यायला काय शिकवतात, साठ वर्षं घेतोय. ताईंनी हात चोळले, त्याच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. “ढकला बघू माझा हात.” त्याने खांदे उचलले. “वर नको. खाली.” परत उचलले. मी बाजूच्या स्टुलावर होतो, मला राहवेना. म्हणालो, “अरे, मानेने ओढू नको.” ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काका, मग तुम्हीच घ्या रोज सकाळी ह्यांची. वीस मिनिटं. बुधवारी मी तपासणार.”

तेव्हापासून सहाला तो आमच्या ओसरीवर येतो. घड्याळ मी लावतो, हात माझी पत्नी ठेवते; तिचा हात माझ्यापेक्षा जाणता आहे.